माझी मरणाची सुटकेस तुझ्या नावावर आहे

गेना,

तुला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळा, कारण त्याला जास्त गरज आहे. शेळी व्याली का? कोल्ह्याने यंदा कोंबड्या किती ठेवल्या? जावयाचं पोट अजून त्याच्या दोन पावलं पुढे चालतं का? सगळं कळव. मी बरी आहे. म्हणजे सकाळी जाग आली की आधी कुठे कुठे दुखतंय ते बघते, सगळं जागच्या जागी दुखत असलं की कळतं आपण अजून आहोत, मग कॉफी ठेवते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने याहून बरं असणं शेजाऱ्यांना आवडत नाही. हे पत्र तिसऱ्या मजल्यावरचे अपोस्तोलराव लिहीत आहेत, रेल्वेत सिग्नल पाडायचे ते. त्यांचं अक्षर सुरेख आहे म्हणतात. मला काय, मला सगळी अक्षरं तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखी. मी बोलते, ते लिहितात, आणि लिहिता लिहिता माझं बोलणं सुधारतात, म्हणून प्रत्येक पान मी परत वाचून घेते. (आत्ताच पकडलं. मी पोट म्हणाले होते, त्यांनी प्रकृती लिहिलं होतं. खोडायला लावलं.)

आता मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला नको. माझी मरणाची सुटकेस बेलिफाने नेली. सील लावून नेली, आणि महिनाअखेरपर्यंत सोडवली नाही तर लिलावात काढणार आहे. तीच ती करडी, लोझान आमच्या लग्नाआधी लष्करातून सुटून आला तेव्हाची, कोपरे झिजलेली. तुझ्या पलंगाखाली तुझी असेलच, त्यामुळे आत काय असतं ते तुला सांगायला नको: काळा पोशाख, काळे मोजे, एकदाही न घातलेले बूट, खड्डा खणणाऱ्यांना द्यायचे पंचे, आलेल्या बायकांना वाटायचे रुमाल, मेणबत्ती, साबण. बारा वर्षं लागली जमवायला. दर वर्षाच्या पेन्शनीतून एक पंचा. आणि आता ती कुठल्या तरी गोदामात कुणाच्या तरी वॉशिंग मशीनशेजारी उभी आहे, आणि मी इथे जुन्या झग्यात, मरायची सोय नसलेली.

हे झालं कसं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण सांगते. सुरुवात रेडिएटरपासून. तुला आठवत असेल, आमच्या या इमारतीत गरम पाण्याच्या नळ्या तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जातात, आणि शहराची उष्णता कंपनी त्यातून उष्णता सोडते. म्हणजे सोडते म्हणतात. एका वर्षी बिल इतकं आलं की लोझानने सगळे रेडिएटर उपटले, नदीकाठच्या मळ्यात नेले आणि टोमॅटोला कुंपण केलं. तेव्हापासून मी लाकडाच्या शेगडीवर आहे, धुराडं खिडकीतून बाहेर काढलंय. मला वाटलं संपला संबंध. तर नाही गं! कंपनीचं म्हणणं, रेडिएटर नसले तरी नळ्या तुमच्या भिंतीतून जातात, भिंत थोडी तरी गरम होतेच, त्या गरम भिंतीचे पैसे द्या. मी त्या भिंतीला गाल लावून बघितलाय. आमच्या दिवंगत सासूबाईंच्या गालाला गाल लावल्यासारखं वाटतं.

लोझान होता तोवर कागद तो बघायचा. आला कागद की वाचायचा, शिव्या द्यायचा आणि अर्ज लिहायचा. तो गेल्यावर कागद येतच राहिले, आणि मी त्यांचं काय करणार? इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं मला वाचता येत नाही. (आता ठाऊक आहे. अपोस्तोलरावांनी तीन दिवस तोंड मिटून धरलं, चौथ्या दिवशी त्यांना सर्दी झाली आणि तोंड उघडावं लागलं.) चाळीस वर्षं मी चष्मा लावून पाट्यांपुढे उभी राहिले, मान हलवली, कधी च् च् केलं, कधी हसले. सगळे मला वाचणारी बाई समजायचे. मग एखादं पाकीट हातात घेऊन खाली जाऊन विचारायचं, "अहो, यात काय लिहिलंय?" एवढी लाज या वयात कुठून आणायची. म्हणून कंपनीची पाकिटं मी शेगडीशेजारच्या टोपलीत टाकत गेले. कागद चांगला, कोरडा, दोन पाकिटांत लाकूड पेटतं. एका अर्थी कंपनीने मला उष्णता पुरवली, त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आता तो दाराचा कागद. तू गावातली, तुला ठाऊक आहे, माणूस गेलं की आपण कागद छापतो, फोटो लावतो आणि दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवतो. मग चाळिसाव्या दिवशी, सहाव्या महिन्याला, दर वर्षाला नवा. आमच्या इमारतीच्या मुख्य दारावर तर इतके चिकटलेत की दाराचा मूळ रंग कुणाला आठवत नाही. लोझानला जाऊन तीन वर्षं झाली, त्याचा कागद मी शरद ऋतूत लावला. आणि एका सकाळी बघते तर त्याच्याच खाली आणखी एक कागद, पांढरा, गोल शिक्का मारलेला, फोटो मात्र नाही. म्हटलं, असं कोण बिचारं आपल्या इमारतीतलं गेलं, की ज्याचा एक फोटो कुणाकडे नाही? चष्मा लावून बराच वेळ उभी राहिले, छातीवर क्रूसाची खूण केली, वर गेले आणि मेलेल्याच्या नावाने वाटायचे गहू भिजत घातले.

हो, केले मी गहू. साखर, अक्रोड, वर दालचिनी, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी ताट घेऊन मजल्या-मजल्यावर गेले, चमचा चमचा वाटले, आणि प्रत्येक दारात म्हटलं, देव त्याला क्षमा करो. आणि गेना, सगळ्यांनी घेतले! चौथ्या मजल्यापर्यंत एकाने तोंडातून शब्द काढला नाही. तळमजल्यावरच्या त्सोनाने तर दोन चमचे घेतले, डोळे पुसले आणि माझा हात दाबून म्हणाली, "वेलिका, तू फार धीराची आहेस गं." मी म्हटलं, यात धीर कसला, गहू तर आहेत. ती म्हणाली, "तेच. तेच तर म्हणते."

तो कागद बेलिफाचा होता आणि त्यावर माझं नाव होतं. सापडले नाही तर दारावर चिकटवायचं, दोन आठवडे थांबायचं, आणि मग कायद्याने समजायचं की बाईला कळलं. (मी सापडले नाही म्हणे. मी कुठे जाणार? तो आला तेव्हा मळ्यात टोमॅटोच्या काठ्या काढत होते. रेडिएटरांच्याच मध्ये उभी होते.) इमारतीतल्या सगळ्यांनी तो वाचला होता, आणि चष्मा लावून मी वाचतानाही सगळ्यांनी मला बघितलं होतं. त्यामुळे त्यांना वाटलं, म्हातारीने आपल्या कर्जाचेच दिवस घातले, काय तिचं काळीज! माझ्याच जप्तीचे गहू मी घरोघर वाटून आले, आणि लोकांनी ते माझ्याच नावाने गिळले.

दोन आठवडे झाले आणि तो आला. कोलारोव नावाचा. तू टीव्हीवर बघत असशील, हल्ली सोफियाहून रोज संध्याकाळी चार जण बसून बेलिफांवरून भांडतात. एक म्हणतो हे लांडगे आहेत, दुसरा म्हणतो कायदा आहे, तिसरी वकीलबाई असते ती कुणाला बोलू देत नाही, आणि चौथा कधी बोलतच नाही. ते बघून मला वाटलं होतं दारात कुणी मानेवर टॅटू असलेला बैल येईल. आला तो एक किडकिडीत, नाक लाल झालेला, माफी मागत पाय पुसणारा माणूस. हे बेलीफ आता सरकारी राहिले नाहीत, यांची स्वतःची कचेरी, स्वतःची पाटी, आणि येण्याजाण्याचा खर्च ज्याच्या घरी येतात त्याच्याच डोक्यावर. सोबत कुलूप फोडणारा आणला होता. माझं दार उघडंच होतं. तो गृहस्थ पिशवी घेऊन जिन्यात उभा राहिला, तासाभराने गेला, आणि त्याची मजुरी माझ्या नावावर लागली. म्हणजे न फोडलेल्या कुलपाचे पैसे, न लागलेल्या उष्णतेच्या पैशांत मिळवून.

मी त्याला बस म्हटलं. त्याचे हात गारठले होते, तो शेगडीपाशी सरकला. आग मंदावली होती म्हणून मी टोपलीतून दोन पाकिटं काढून आत सारली. त्याने बघितलं. म्हणाला, "आजी, ही तर कंपनीची आहेत. उघडलीसुद्धा नाहीत." मी म्हटलं, "उघडली की लवकर विझतात." तो हात शेकतच राहिला.

तेवढ्यात इमारत जमा झाली. अपोस्तोलरावांनीच जमवली. (लेखनिकाची नोंद: मी फक्त जिन्यात दोनदा शिट्टी वाजवली. – अ.) त्या टीव्हीवरच्या वकीलबाईने म्हणे सांगितलं होतं की दुसऱ्याची वस्तू कर्जदाराच्या घरात असली तर तिच्यावर जप्ती येत नाही, मालकाने फक्त पुढे यायचं. झालं. कोलारोवने वही उघडली आणि टीव्हीकडे बोट केलं मात्र, अपोस्तोलराव दारातूनच गरजले, "माझा! माझा आहे तो! बाईंना बघायला दिलाय!" पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरचा प्लामेन, बस चालवतो तो, "फ्रिज माझा. आतली मिरची पण माझी." गालिचा कुणाचा, पलंग कुणाचा, मेज कुणाचं, सगळ्याला मालक निघाले. माझ्या लग्नाचा आरसा पाचव्या मजल्यावरच्या एका मुलीचा निघाला, तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. सगळ्यात शेवटी त्सोना धापा टाकत वर आली, काय चाललंय ते न बघताच ओरडली, "खुर्ची! ती खुर्ची माझी! आईची शपथ!" मला रडू आलं गं. चाळीस वर्षांत कधी मला या लोकांनी पाव आणायचा का म्हणून विचारलं नव्हतं.

कोलारोवने सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग म्हणाला, "उत्तम. मग मालकांनी इथे सह्या कराव्यात आणि आपापल्या वस्तू आत्ताच्या आता घेऊन जाव्यात. मागे राहील ते मी यादीत धरतो."

अशी शांतता पडली की नळीतलं पाणी ऐकू आलं. (बघ, वाहत होतं ते.) आता माघार कशी घेणार? प्लामेनने फ्रिजला मिठी मारली. पलंग जिन्यात वळेना तेव्हा त्याचे पाय काढले. आरसा गेला, गालिचा गेला, पडदेही गेले, ते कुणी मागितले होते मला आठवत नाही. अपोस्तोलराव टीव्ही पोटाशी धरून, वायर जमिनीवर ओढत, जाता जाता मला डोळा मारून गेले. एक शेगडी राहिली, कारण ती तापलेली होती आणि तिच्यावर हक्क सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. गेना, बेलीफ आला आणि घर पाऊण तासात धुऊन निघालं, आणि बेलिफाने अजून एका वस्तूला हात लावला नव्हता.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. तो उभा, मी बसलेली. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आजी, तुम्ही कशावर बसलात?"

"नशिबावर."

"उठा जरा."

उठले. म्हटलं, ही सुटकेस माझी नाही. कोणाची, म्हणाला. शेजारी सगळे ओझी घेऊन जिन्यात, पुढे यायला कुणी नाही, आणि माझ्या तोंडातून तुझं नाव निघालं. का निघालं, मला विचारू नकोस. जीभ घसरली म्हण. "माझ्या बहिणीची, गेर्गिनाची." कुठे असते बहीण? गावी. मग त्याने लिहिलं, मालक गैरहजर, आणि उघडली. आधी बूट निघाले, मग मोजे. मोजे बघून तो जरा थांबला, नाक पुसलं, मग एकेक वस्तू लिहून काढली, परत होती तशी लावली (नीट घडी घालतो, आई चांगली असणार), दोरी बांधली, शिसाचं सील लावलं आणि घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या वस्तू परत गोळा करायला लागले. पलंग आला, पण एक पाय आखूड झालाय. फ्रिज आला, मिरची आली नाही. टीव्हीचं असं की अपोस्तोलरावांची एक मालिका चालू आहे, ती संपली की देतो म्हणाले. तोवर मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन माझा टीव्ही बघते, आणि रिमोट त्यांच्या हातात असतो. (नाक मुरडताहेत. लिहा, लिहा, जसं आहे तसं लिहा.) आणि त्सोना. त्सोना खुर्ची देत नाही. गेले मागायला, तर ती खिडकीशी माझ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. म्हणते, "वेलिका, मी सही केलीय. सरकारच्या कागदावर. आता परत दिली तर मी खोटं बोलले असं होईल. या वयात मला तुरुंगात पाठवायचंय का तुला?" म्हटलं, अगं बाई, तू खोटं बोललीसच! तर म्हणाली, "तेव्हा बोलले असेन. आता खुर्ची इथे आहे, त्यामुळे ते खरं झालंय." तिच्या कंबरेला बरं वाटतंय म्हणे.

आणि सगळ्यावर कडी अशी की हे काहीच करायची गरज नव्हती. मागच्या महिन्यात कर्जदारांच्या हक्कांची कुठली तरी समिती बाजारात कर्णा घेऊन उभी होती, त्यांनी प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलं. मी चष्मा लावून मान हलवली आणि घरी आणून मिरच्यांच्या बरणीखाली घातलं. फ्रिज बरणीशिवाय परत आला तेव्हा पत्रक त्याच्या आतल्या फळीवर चिकटलेलं होतं, ते अपोस्तोलरावांनी खरवडून काढून मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय, पलंग नेता येत नाही, फ्रिज नेता येत नाही, शेगडी नाही, महिन्याभराचा शिधा नाही, राहतं एकच घर असेल तर घर नाही, लहान पेन्शन असेल तर पेन्शनही नाही. तळाशी हेही लिहिलंय की तीन वर्षांपेक्षा जुनं बिल असेल तर ते द्यावं लागत नाही, मात्र ते आपण स्वतः, तोंडाने किंवा अर्जाने, सांगावं लागतं. कुणी आपणहून सोडत नाही. वाचून झालं आणि अपोस्तोलरावांनी टोपी घातली.

मग गेलो कोलारोवच्या कचेरीत. नंबर घेतला, खुर्च्या सगळ्या माझ्याच वयाच्या माणसांनी भरलेल्या, प्रत्येक जण आपापला कागद मांडीवर उलटा धरून. मला वाटलं यातल्या निम्म्यांना तरी तो सुलटा धरूनही काही कळत नसेल. आमची पाळी आल्यावर मी कोलारोवला विचारलं, बाबा, अर्धं देणं मेलेलं आहे हे तुला ठाऊक होतं? ठाऊक होतं, म्हणाला. मग सांगितलं का नाहीस? "आजी, तुम्ही विचारलं नाहीत." आता जे मला ठाऊकच नाही ते मी विचारू कसं, हे त्याला विचारणार होते, पण गेना, खरं सांगते, मी थकले. त्याच्यावर ओरडायला गेले असते तर ओरडता आलं असतं, पण त्याचं नाक अजून लाल होतं, मागे तेवीस माणसं बसली होती, आणि तो रोज तेच वाक्य तेवीस वेळा म्हणत असेल. अपोस्तोलरावांनी अर्ज लिहिला, जुनं गळालं, उरलेलं पेन्शनीतून चिमूट चिमूट जाईल. न फोडलेलं कुलूप मात्र राहिलं.

सुटकेसचं विचारलं तेव्हा तो खरंच वरमला. म्हणाला, "अहो, मरणाचे कपडे म्हणाला असतात तर मी हात लावला नसता. तुम्ही म्हणालात बहिणीची. आता बहीण मरायला टेकलीय की सहलीला निघालीय, मला कसं कळावं?" मग दे परत, म्हटलं. तर नाही. कागदावर आता मालक गेर्गिना आहे, आणि कागद बदलायचा तर कोर्टात जायला हवं, आणि कोर्टात जायचं तर मी आधी मरेन, आणि मग घालायला काही नसेल. बाकीच्या वस्तूंचे मालक हजर होते, हिचा नव्हता, एवढंच. मालकाने ओळखपत्र घेऊन यावं, सही करावी, न्यावी.

तर असं सगळं आहे. बाकी ठीक. थंडी पडायला लागलीय, प्लमची रकिया यंदा बरी उतरली असेल तर जावयाच्या हाताला लागायच्या आधी एक बाटली बाजूला काढ. मुलांना आशीर्वाद. गुडघ्यावर कोबीचं पान बांधत जा.

तुझी थोरली बहीण,
वेलिका
(तिचा अंगठा, माझ्यासमोर. – अपोस्तोल)

ता. क. मंगळवारची सकाळची बस धर, ओळखपत्र बरोबर घे. महिनाअखेरीला तीनच मंगळवार उरलेत, आणि पुढच्या मंगळवारी त्यांची सुट्टी आहे. कोलारोव विचारेल आत काय आहे, तेव्हा गडबडू नकोस: काळा लोकरी पोशाख, पुढे सहा बटणं, मोजे तीन जोड, पंचे बारा, त्यातल्या दोनांना लाल काठ, बूट अडतीस नंबर. तुझा पाय चाळीसचा आहे हे त्याच्या लक्षात येऊ देऊ नकोस, उभी राहा टेबलाच्या मागे. विचारलंच तर म्हण, मेल्यावर पाय आकसतात. उतरलीस की थेट माझ्याकडे ये, आखूड पायाच्या पलंगावर तू झोप, तू हलकी आहेस.

दुसरा ता. क. हे अपोस्तोलराव लिहीत नाहीत. त्यांच्या मालिकेची वेळ झाली म्हणून ते गेले, आणि मी पाकीट घेऊन टपाल कचेरीत आले. ही खिडकीवरची मुलगी लिहितेय, तिला मी सांगितलंय की हसायचं नाही आणि कुणाला बोलायचं नाही. गेना, जीभ घसरली नव्हती. त्या यादीत सातवी वस्तू आहे, "चांदीची बक्कलं, कंबरपट्ट्याची, जुनी, एक जोड." हो, तीच. आईची. आईने ती दुष्काळात पिठासाठी विकली असं मी तुला सांगितलं होतं, ती विकली नव्हती. ती तुला द्यायची म्हणून आईने माझ्या हातात ठेवली होती, तू तेव्हा बाळंतीण होतीस, आणि मी ठेवून घेतली. साठ वर्षं एकदाही अंगावर घातली नाहीत, तुला दिसली असती ना. माझा बेत असा होता की शेवटी तीच कंबरेला लावून जायचं. तू मला बघायला आली असतीस, बक्कलं बघितली असतीस, आणि तुला जे बोलायचं ते तू बोलली असतीस, आणि मला उत्तर द्यावं लागलं नसतं. म्हणून तर मी सुटकेसवर बसले होते, आणि म्हणूनच, कोलारोवने कोणाची म्हणून विचारलं तेव्हा, मरणाचे कपडे आहेत एवढं साधं वाक्य मला सुचलं नाही. खरंच तुझं होतं ते. आता ते शिक्क्यासकट कागदावर आहे. बक्कलं तू घे. पोशाख आणि बूट तेवढे मला ठेव.

तिसरा ता. क. रागाने येणार नसशील तर तेही समजू शकते, पण तसं कळव. इथे काय बोलायचं ते तू समोर येऊन बोल, मी कान धुऊन ठेवलेत. फक्त लवकर ठरव गं. तुझं काही कळेपर्यंत मला मरता येत नाही.